'काही कमी केलं नाही, तरी पोरगा स्वतःला निकम्मा का समजतो?'

पारोळा तालुक्यातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा हा प्रश्न. शिक्षण, गाडी, लग्न, सगळं वेळेवर केलं. तरी 34 वर्षांचा मुलगा रोज पितो आणि प्याला की "मी काहीज कामना नही" (मी काहीच कामाचा नाही) म्हणत रडतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी डॉक्टर. रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर 6 ते 24 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो.

समुपदेशनात बालपणाचा विषय दारू सुटल्यावर तीन आठवड्यांनी काढला. त्याआधी मन इतकं खचलेलं असतं की सगळ्याच आठवणी काळ्या दिसतात. मग मुलाने 1979 सालची 25 विधानांची प्रश्नावली भरली, आईबद्दल वेगळी, वडिलांबद्दल वेगळी. वयाच्या 16 वर्षांपर्यंतचं आठवायचं. 12 विधानं मायेची, 13 अतिनियंत्रणाची. वडिलांच्या बाजूला माया कमी, नियंत्रण जास्त निघालं. वडिलांना माया नव्हती असं यातून ठरत नाही. मुलापर्यंत किती पोचली तेवढंच कळतं.

ना मार, ना शिवीगाळ. पण त्याने सरी ओढली की वडील मागून पुन्हा ओढत. कापूस मोजून आला की मापाची चिठ्ठी काढून घेत, आकडे स्वतः जुळवत. आपल्या हाताला भरवसा नाही, हे पोराने दहाव्या वर्षीच धरलं. कॉलेजात पहिल्यांदा प्याला तेव्हा हा आतला आवाज थांबला. सकाळी दुप्पट होऊन परत आला. आनुवंशिकता, संगत, सहज मिळणारी बाटली हीही कारणं असतातच, सगळं बापावर ढकलणं खोटं ठरेल.

मुलाला लगेच वडिलांसमोर सगळं ओकायचं होतं. थांबवलं. अशा घाईत बाप बचावाला उभा राहतो आणि मुलगा रात्री बाटली उघडतो. त्याऐवजी वही दिली : डावीकडे आतल्या आवाजाचं वाक्य, उजवीकडे त्याच दिवशी घडलेलं काम. 'मी हुशार आहे' असं लिहायचं नाही, मन ते मानत नाही. 'दोन एकरांचं ठिबक मी चालवलं' हे मानतं.

वडिलांना सांगितलं, ठिबक पूर्ण त्याच्याकडे द्या, पंधरा दिवस तपासू नका. चौथ्या रात्री ते बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह बघायला गेले. मुलाने पाहिलं. तो दारूच्या दुकानाकडे वळला नाही, त्याने मला फोन केला. वडिलांनी त्याला एवढंच म्हणायचं ठरलं : "बापू, मी तपासायला गेलो होतो. पाणी बरोबर होतं. माझं चुकलं."

ते म्हणायला त्यांना तीन दिवस लागले.