फोनमधून आवाज येतोय की नाही हे एलईडीवर दाखवणारं साधं सर्किट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की हेडफोन जॅकमधून सिग्नल घेऊन १एन४१४८ डायोड, कपॅसिटर आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर जोडला, पण आवाज फुल्ल केल्याशिवाय एलईडी लागत नाही, आणि लागला तरी लुकलुकतो. जोडणी चुकलेली दिसत नाही. सिग्नलच तोकडा पडतोय.

घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल (ऑडिओ सिग्नलची ठरलेली पातळी) ०.३१६ व्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी), म्हणजे लाटेचं टोक फार तर ०.४५ व्होल्ट. सिलिकॉन डायोडला ०.६ व्होल्ट लागतात, पुढे ट्रान्झिस्टरच्या बेसला आणखी ०.६. सव्वा व्होल्ट नुसता टोलनाक्यावरच जातो. तेव्हा आधी सिग्नल मोठा करायचा आणि मग डायोडकडे पाठवायचा.

यासाठी एलएम३५८ हा आयसी पुरतो. दुकानात नुसतं ‘३५८’ म्हटलं तरी देतात. आत दोन ओपॅम्प (सिग्नल मोठा करणारे अॅम्प्लिफायर) असतात, त्यामुळे एका आयसीत काम भागतं. सप्लाय १२ व्होल्ट, आणि पिन ८ (प्लस) व ४ (ग्राउंड) च्या अगदी जवळ १०४ छापलेला एक सिरॅमिक कपॅसिटर (०.१ मायक्रोफॅरड).

डावा-उजवा चॅनल थेट एकमेकांना जोडू नका. प्रत्येकात १ के (किलोओहम) चा रेझिस्टर घालून मगच एकत्र करा. तिथून तसाच आणखी एक १०४, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १० के, आणि त्याच टोकापासून आणखी एका १० के मधून पिन ३. पिन १ ते पिन २ मध्ये १०० के, पिन २ ते ग्राउंड ४.७ के. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, झाला साधारण २२.

इथे इनपुटला अर्धा सप्लाय देऊन बायस केलेला नाही, म्हणजे अख्खी लाट वर उचललेली नाही, हे मुद्दाम. ३५८ ला ग्राउंडपर्यंतचं इनपुट चालतं, म्हणून तो लाटेचा फक्त वरचा अर्धा भाग मोठा करतो, आणि लेव्हल ओळखायला तेवढं बास. मात्र खालच्या अर्ध्यात पिन ३ उणे ०.३ व्होल्टच्या खाली गेली तर आउटपुट भलतीकडे, पार वरच्या टोकाला जाऊ शकतं. म्हणून पिन ३ ते ग्राउंड बीएटी८५ शॉटकी डायोड लावा, पट्टी पिनकडे. हा वगळू नका.

१०४ इतका छोटा घेण्यामागेही कारण आहे. १० के सोबत तो दीडशे हर्ट्झच्या आसपास खालचे सूर कापायला लागतो आणि घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम (गुणगुण) एक तृतीयांशाच्याही खाली येतो. नाहीतर लोंबकळणाऱ्या केबलवरही एलईडी लागतो. ढोलाचा ठेका पकडायचा असेल तर १ मायक्रोफॅरड घ्या आणि हमची तयारी ठेवा.

आता पिन १ वरून तुमचाच १एन४१४८, मग १ के, मग १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि त्याला समांतर १०० के. १ के मुळे कपॅसिटर झटकन भरतो, १०० के मुळे सेकंदाच्या हिशेबात सावकाश रिकामा होतो. लुकलुक इथेच थांबते. फार संथ वाटलं तर १०० के कमी करा.

राहिला दुसरा ओपॅम्प. तो कपॅसिटरच्या व्होल्टेजची ठरवलेल्या संदर्भ व्होल्टेजशी तुलना करून एलईडी लावतो-विझवतो, आणि मी नेमका इथेच आपटलो होतो. कपॅसिटर पिन ५ ला, संदर्भ व्होल्टेज पिन ६ ला, आणि आउटपुटच्या पिन ७ वरून परत पिन ५ ला १ मेग (मेगओहम) रेझिस्टरचा फीडबॅक. एलईडी लागला, गाणं बंद केलं, तरी विझेना! दोन आयसी बदलले. शेवटी मीटर लावला तर गाणं बंद असतानाही कपॅसिटरवर जवळजवळ १ व्होल्ट. पिन ७ चे १०.५ व्होल्ट त्या १ मेगमधून कपॅसिटरलाच भरत होते, आणि माझी मर्यादा होती अर्धा व्होल्ट. विझणार कसा?

तेव्हा उलटं करा. कपॅसिटर पिन ६ ला. १२ व्होल्टपासून ४७ के आणि १० के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ग्राउंडला. प्रीसेटच्या मधल्या पायापासून १० के मधून पिन ५, आणि पिन ७ ते पिन ५ तोच १ मेग. आता फीडबॅक संदर्भाला हलवतो, कपॅसिटरला हात लावत नाही. लागण्याच्या आणि विझण्याच्या व्होल्टेजमध्ये ०.१ व्होल्टचं अंतर राहतं. आवाज आला की पिन ७ खाली जाते, म्हणून लाल एलईडी १ के मधून १२ व्होल्ट आणि पिन ७ यांच्यामध्ये लावा.

प्रीसेट ०.४ व्होल्टवर ठेवलात तर कपॅसिटरवर ०.५ व्होल्ट झाले की एलईडी लागेल. इनपुटला त्यासाठी साधारण ५० मिलिव्होल्टचं टोक पुरतं, म्हणजे लाइन लेव्हलच्या नवव्या भागाइतकं.

तपासायला ऑसिलोस्कोप नको. स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची रेंजच २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर ऑडिओ काही दिसायचा नाही. पण कपॅसिटरवर डीसी असतो, तो मीटर छान दाखवतो. फोनवर १ किलोहर्ट्झचा टोन लावून आवाज हळूहळू वाढवा आणि आकडा बघा. गाणं थांबवल्यावर तो शून्याकडे उतरला नाही, तर आधी त्या १ मेगचं टोक कुठे गेलंय ते बघा.