रत्नागिरीच्या पावसाळ्यात एलपी रेकॉर्डना बुरशी येते, काय करावं?

बुरशी धरते ती रेकॉर्डवरच्या धुळीला, बोटांच्या तेलकटपणाला आणि पुठ्ठ्याच्या कव्हरला, व्हायनलला (रेकॉर्डच्या प्लास्टिकला) नाही. त्यामुळे रेकॉर्ड बहुतेकदा वाचते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. मधलं लेबल कोरडंच ठेवा. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते.

माझी जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ (अल्बम १९५९चा, प्रत बरीच नंतरची) मिरगापासून भिंतीला टेकलेल्या कपाटात होती. श्रावणात काढली तर कव्हरवर पांढरे ठिपके, वास सुकटीच्या डब्याचा! वाजते झकास, वास अजून आहे. आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, रेकॉर्ड उभ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या.