बॉक्सिंग आवडत नसेल, तर ‘मिलियन डॉलर बेबी’ पाहावा का? शेवट फार वाईट आहे म्हणतात.

मलाही बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा जास्त आवडला. तेव्हा पाहाच. फक्त ‘गरीब मुलगी जिद्दीने विजेती होते’ अशा गोष्टीची अपेक्षा ठेवून बसू नका. पहिला तासभर सिनेमा अगदी तसाच वागतो, आणि त्यात आपण बेसावध सापडतो.

गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या एका कळकट जिमची. मॅगी (हिलरी स्वँक) मिसुरीतल्या गरीब घरातली, हॉटेलात वेट्रेस, गिऱ्हाइकाने ताटात टाकलेलं मांस गुंडाळून घरी नेणारी. वय एकतीस, म्हणजे बॉक्सिंग शिकायला सुरुवात करायच्या मानाने फारच उशीर. तिथला प्रशिक्षक फ्रँकी (क्लिंट ईस्टवुड, दिग्दर्शकही तोच) तिला साफ सांगतो, मी मुलींना शिकवत नाही. ती ऐकत नाही. रोज येते, बॅगवर चुकीच्या पद्धतीने ठोसे मारत राहते.

माझ्या मते सिनेमाची किल्ली मॅगीकडे नाही, फ्रँकीच्या भीतीत आहे. तो आधी कटमॅन होता, म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या मिनिटभरात खेळाडूच्या जखमेतलं रक्त थांबवणारा माणूस. जिमची झाडलोट करणारा स्क्रॅप (मॉर्गन फ्रीमन) पूर्वी बॉक्सर होता. आपल्या १०९व्या लढतीत त्याचा एक डोळा गेला. त्या रात्री कोपऱ्यात फ्रँकी उभा होता. लढत थांबवायला हवी हे त्याला दिसत होतं, पण टॉवेल टाकून ती थांबवायचा अधिकार त्याचा नव्हता. तेव्हापासून तो शिकवतो ते एकच : आधी स्वतःला सांभाळ. शिष्यांनाही इतकं जपतो की किताबाच्या लढतीची वेळ आली तरी ‘अजून थोडं थांब’ म्हणतो, आणि तयार झालेला पोरगा कंटाळून दुसऱ्या मॅनेजरकडे निघून जातो. अशा माणसाच्या हाती मॅगी पडते, जिच्याकडे थांबायला वेळच नाही.

एका लढतीत मॅगीचं नाक मोडतं. रक्त थांबलं नाही तर लढत थांबवली जाईल. फ्रँकीला ती थांबवायचीच असते, मॅगी विनवते. शेवटी तो तिथेच तिचं नाक सरळ करतो आणि बजावतो, काही सेकंदांत रक्त परत सुरू होईल, त्याआधी काय ते उरक. या दोघांचं सगळं नातं मला त्या एका मिनिटात दिसलं.

खोट काढायचीच तर मॅगीच्या घरच्यांची. आई-बहीण इतक्या स्वार्थी रंगवल्यात की माणसं न वाटता खलनायिका वाटतात. ‘ब्लू बेअर’ ही प्रतिस्पर्धीही तशीच एकरंगी, पण ती भूमिका करणारी लुशिया रायकर खरोखरची बॉक्सर आहे आणि ते तिच्या नुसत्या उभं राहण्यातही जाणवतं.

शेवट सांगत नाही. त्यावरून अमेरिकेत बराच वाद झाला, आणि आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. तरीही तो रडवण्यासाठी मागून चिकटवलेला नाही. कधी थांबायचं आणि ते ठरवायचं कोणी, हा पहिल्या दृश्यापासूनचाच प्रश्न तिथे परत येतो. फक्त तेव्हा रिंग नसते.

२००५ साली याला चार ऑस्कर मिळाले : चित्रपट, दिग्दर्शन, स्वँक आणि फ्रीमन. मन आधीच जड असेल त्या दिवशी मात्र लावू नका. आणि पाहताना एक करा : स्क्रॅपचा आवाज सुरुवातीपासून गोष्ट सांगत असतो, तो कोणाला सांगतोय याकडे कान ठेवा. मला पहिल्या वेळी ते अगदी शेवटी कळलं, म्हणून तर दुसऱ्यांदा पाहिला.