एम.एस्सी.ची 88 क्रेडिट्स भरण्याआधी

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घ्यावं की उपयोजित गणित, हा तुझा प्रश्न रास्त आहे. फक्त 'स्कोप कशाला जास्त' या एकाच अंगाने त्याचं उत्तर शोधू नकोस. दोन्ही अभ्यासक्रमांचे सत्रवार आराखडे विद्यापीठ जाहीर करतं. ते छापून घे, शेजारी शेजारी ठेव आणि पेन्सिलीने खुणा करत वाच. कोणता पेपर कोणत्या आधीच्या पेपरवर उभा आहे, तेवढंच पाहायचं.

आधी हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीनंतरचं एम.एस्सी. चार सत्रांचं आणि 80 ते 88 क्रेडिट्सचं (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) असतं. 88 धरली तर सत्राला 22 येतात. रिसर्च मेथडॉलॉजीची 4 पहिल्या सत्रात, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची 4 दुसऱ्यात, रिसर्च प्रोजेक्टची 4 तिसऱ्यात आणि 6 चौथ्यात. शिवाय दर सत्राला 4 क्रेडिट्सचा एक ऐच्छिक पेपर, म्हणजे एकूण 16. उरलेली 54 अनिवार्य विषयांची. त्यात तुला निवड नाही. निवड आहे ती ऐच्छिकच्या 16, प्रोजेक्टच्या 10 आणि ट्रेनिंगच्या 4 मध्ये. ही 30 क्रेडिट्स एकाच दिशेने लागली पाहिजेत, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. बहुतेक मुलं ती 'कोणत्या पेपरला मार्क सुटतात' हे विचारून भरतात. मग चौथ्या सत्रात टाइम सिरीजवर (काळाच्या क्रमाने घेतलेल्या नोंदींवर) प्रोजेक्ट निघतो आणि टाइम सिरीजचा पेपर घेतलेलाच नसतो.

संख्याशास्त्राकडे जायचं असेल तर खरी परीक्षा लिनियर अल्जेब्राची. मीन, व्हेरियन्स, टी-टेस्ट बी.एस्सी.ला झालेलं असतं, त्यामुळे आपल्याला विषय येतो असं वाटतं. पहिल्या वर्षी लिनियर मॉडेल्स सुरू झाली की तो समज टिकत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचार: रिग्रेशनमध्ये (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधताना) एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे चूक मोजायला उरलेल्या स्वतंत्र माहितीची संख्या, 'एन वजा पी' का? एन म्हणजे नोंदी, पी म्हणजे त्यांवरून काढलेले पॅरामीटर. 'पी पॅरामीटर काढले म्हणून तेवढे वजा' हे उत्तर पाठांतराचं झालं. हॅट मॅट्रिक्सचा, म्हणजे नोंदींवरून अंदाजित किमती काढणाऱ्या मॅट्रिक्सचा, वर्ग तीच मॅट्रिक्स देतो; अशा मॅट्रिक्सला आयडेम्पोटंट म्हणतात. आयडेंटिटीतून ती वजा केली तरी उरलेली मॅट्रिक्स तशीच आयडेम्पोटंट राहते. आयडेम्पोटंट मॅट्रिक्सची रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) तिच्या ट्रेसइतकी (कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी) असते आणि इथे तो ट्रेस एन वजा पी येतो. ही चार विधानं तू कागदावर सिद्ध करू शकत असशील तर लिनियर मॉडेल्स, डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स आणि मल्टिव्हेरिएट हे तिन्ही पेपर तुझ्या आवाक्यात आहेत. जमत नसेल तर सुट्टीत आधी हेच कर: रँक, आयगनव्हॅल्यू, क्वाड्रॅटिक फॉर्म, प्रोजेक्शन. रोज दोन तास आणि प्रत्येक सिद्धता पुस्तक मिटून पुन्हा लिहायची. जोडीला रिअल अ‍ॅनालिसिसमधलं सीक्वेन्स आणि युनिफॉर्म कन्व्हर्जन्स. प्रोबॅबिलिटीतले लिमिट थिअरम त्याशिवाय नुसते तोंडपाठ होतात, कळत नाहीत.

उपयोजित गणितात अडचण वेगळी. डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवायला मुलांना आवडतं, पण संगणकावर आलेलं उत्तर कधी खोटं असतं हे ओळखता येत नाही. हीट इक्वेशन (उष्णता कशी पसरते याचं समीकरण) घे, डिफ्युझिव्हिटी, म्हणजे पसरण्याचा वेग ठरवणारा स्थिरांक, 1 धर. साध्या एक्सप्लिसिट पद्धतीत (आधीच्या क्षणाच्या आकड्यांवरून पुढचे थेट काढायचे) वेळेची पायरी अंतराच्या पायरीच्या वर्गाच्या निम्म्याहून मोठी चालत नाही. अंतर 0.1 ठेवलंस तर वेळ जास्तीत जास्त 0.005. ती 0.006 करून बघ: थोड्या पायऱ्यांनंतर आकडे वर-खाली उड्या मारत वाढत जातात, प्रोग्रॅममध्ये चूक एकही नसताना. अंतर निम्मं, म्हणजे 0.05 केलंस तर वेळेची मर्यादा चौथ्या हिश्श्यावर, 0.00125 वर येते आणि एकूण काम आठपट होतं. म्हणून क्रँक-निकोल्सन ही दुसरी पद्धत वापरतात. त्यात ही मर्यादा नाही, पण दर पायरीला एकमेकांत गुंतलेली (ट्रायडायगोनल) समीकरणं सोडवावी लागतात. हे स्वतः करून बघण्यात तुला गोडी वाटली तर न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स), ऑप्टिमायझेशन ही तुझी वाट. कंटाळा आला तर संख्याशास्त्राकडे वळ, त्यात काही कमीपणा नाही.

आता प्रोजेक्ट. सोलापुरात राहून इंटरनेटवरचा घासून गुळगुळीत झालेला डेटा उचलू नकोस. इथे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आहेत, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, उजनीचा साठा आहे. माग घेतलेस तर ताण्याचे धागे किती वेळा तुटतात ही मोजणी उत्तम विषय होते. मोजणीचा डेटा म्हणून मुलं थेट पॉयसन रिग्रेशन (मोजणीच्या आकड्यांचं नेहमीचं मॉडेल) लावतात आणि तिथेच फसतात. आर सॉफ्टवेअरमध्ये 'वार्पब्रेक्स' नावाचा याच विषयाचा डेटा आधीपासून असतो: लोकरीचे दोन प्रकार, ताणाच्या तीन पातळ्या, प्रत्येक जोडीला 9 माग, एकूण 54 नोंदी. लोकर आणि ताण घेऊन पॉयसन मॉडेल बसवलं तर रेसिड्युअल डेव्हियन्स (मॉडेल आणि नोंदी यांत उरलेली तफावत) 210.39 येतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम 50. मॉडेल बरोबर असतं तर हे दोन आकडे जवळपास सारखे आले असते. इथे चौपटीहून जास्त फरक आहे, म्हणजे ओव्हरडिस्पर्शन: नोंदी मॉडेलच्या अपेक्षेहून जास्त विखुरलेल्या आहेत. साध्या पॉयसनमध्ये लोकरीच्या प्रकाराची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.0001 च्याही खाली येते. क्वासी-पॉयसन (हा जास्तीचा विखुरलेपणा धरणारं मॉडेल) लावून स्टँडर्ड एरर दुरुस्त केली की तीच 0.059, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या मर्यादेबाहेर, जाते. 'लोकरीने ठाम फरक पडतो' हा निष्कर्ष एका ओळीच्या बदलाने गळून पडतो. व्हायव्हाला परीक्षक नेमका यावरच बोट ठेवतात.

स्वतः माहिती गोळा करताना आणखी एक काळजी घे. 30 माग 10 दिवस पाहिलेस तर वहीत 300 ओळी होतील, पण स्वतंत्र माग 30 च आहेत. एकाच मागाच्या दहा नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यामुळे मागाचा रँडम इफेक्ट, म्हणजे दर मागाचा स्वतःचा वेगळा कल, मॉडेलमध्ये घ्यावा लागतो. म्हणून वहीत माग क्रमांक, पाळी, सुताचा नंबर आणि माग प्रत्यक्ष किती तास चालला हे चार रकाने पहिल्या दिवसापासून हवेत. वीज गेली, माग दोन तास बंद राहिला आणि तास लिहिलेच नाहीत, तर त्या दिवसाचा तुटींचा आकडा निरुपयोगी. कारखान्याची लेखी परवानगी दुसऱ्या सत्राच्या ट्रेनिंगमध्येच मिळव. ट्रेनिंगची 4 आणि प्रोजेक्टची 10 क्रेडिट्स एका कामाला लागतात ती अशी. त्याला जोडून ऐच्छिकमध्ये जनरलाइज्ड लिनियर मॉडेल्स (पॉयसन रिग्रेशन याच गटातलं) किंवा क्वालिटी कंट्रोल मिळत असेल तर डोळे झाकून घे.

पुढच्या परीक्षांचं थोडक्यात. सीएसआयआर नेट ही संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा; तिच्या मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये गणित आणि संख्याशास्त्र एकाच पेपरात असतं. भाग क मधल्या 60 प्रश्नांपैकी 20 सोडवायचे, प्रत्येकी 4.75 गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण तिथे अनेक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे ओळखले तरच गुण मिळतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही लिनियर अल्जेब्रा आणि अ‍ॅनालिसिस सोडू नये ते यासाठीच. पात्रतेला एम.एस्सी.ला खुल्या प्रवर्गातून 55 टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी आणि दिव्यांगांना 50. 54.9 चे 55 धरत नाहीत. विद्यापीठ सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) देत असेल तर त्याचं टक्केवारीत रूपांतर केल्याचा दाखला वेळेत काढून ठेव.

आणि कागदपत्रं. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (तुझी क्रेडिट्स ऑनलाइन जमा होतात त्या) खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः एक हवं. आडनाव आधी की नंतर एवढ्यावरून क्रेडिट्स जमा व्हायची राहतात आणि ते कळतं शेवटच्या सत्रात. दर निकालानंतर पंधरा दिवसांत खातं उघडून बघ. पहिल्या सत्राचा एखादा पेपर राहिलाच तर तो पुढच्याच संधीला सोडव, तिसऱ्या सत्राच्या प्रोजेक्टवर येऊ देऊ नकोस.

अर्जाची मुदत संपण्याआधी तुझी सहाही सत्रांची गुणपत्रिका आणि खुणा केलेले दोन्ही आराखडे घेऊन ये. हॅट मॅट्रिक्सची सिद्धता लिहिलेला कागदही आण, जमली नसेल तरी आण.

तुझे,
सर