ख्रिस्ती श्रद्धा खरी असेल तर राजकीय कल ठरलेलाच असतो का?

नाही. इथं कोल्हापुरातच एका बाकावर बसून प्रार्थना करणारी माणसं वेगवेगळ्या पक्षांना मत देतात, आणि प्रत्येकाला आपलं मत श्रद्धेतूनच आलंय असं मनापासून वाटतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५व्या अध्यायात, भुकेल्याला अन्न द्या, परक्याला घरात घ्या, तुरुंगातल्याला भेटा असं सांगितलंय. पण हे सरकारनं कर घेऊन करायचं की मंडळीनं, म्हणजे चर्चनं, दानातून, ते तिथं लिहिलेलं नाही. वाद तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत गोरे इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) बहुसंख्येनं रिपब्लिकन पक्षाकडे, तर काळे प्रोटेस्टंट बहुसंख्येनं डेमोक्रॅटिक पक्षाकडे. बायबल तेच, भोगलेला इतिहास वेगळा.

आपल्याकडे तर प्रश्नच निराळे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध दलितांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. शाहू महाराजांनी १९०२मध्येच मागासांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, त्या करवीरात हे जास्तच सलतं. म्हणून इथल्या कित्येक ख्रिस्ती घरांत मत ठरतं ते आरक्षण, शिक्षण आणि सुरक्षितता यांवर. त्यात अश्रद्धा काहीच नाही. न्यायाची ओढही शास्त्रातलीच आहे.

उपदेशपीठावरून पक्षाचं नाव घेणं मात्र मला अजिबात मान्य नाही. त्या एका वाक्यानं समोर बसलेल्या कितीतरी जणांची श्रद्धा उगाच संशयित ठरते.