निपाणी, खानापूरच्या गिऱ्हाइकांकडची झेरॉक्स मशीनं बेळगावात बसून कशी बघायची?

महिन्याच्या मीटर रीडिंगसाठी (किती कॉपी निघाल्या त्या आकड्यासाठी) आणि टोनर संपल्याच्या फोनसाठी निपाणीपर्यंत पाऊणशे किलोमीटर गाडी मारायची नाही, असं तुम्ही विचारलंय. होतं ते, आणि जरूर करा.

मशीन नेटवर्कला जोडलेलं हवं. नुसत्या यूएसबीवर चालणाऱ्याचा नाद सोडा. मशीनच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी चालू करा, म्हणजे नेटवर्कवरून मशीनची माहिती विचारायची सोय. गिऱ्हाइकाच्या एका कॉम्प्युटरवर मशीन कंपनीचं कलेक्टर, म्हणजे मशीनची माहिती गोळा करणारं सॉफ्टवेअर टाका. ते आतल्या नेटवर्कात यूडीपी पोर्ट १६१ वरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कमधलं नंबर दिलेलं दार) काउंटर, टोनर, एरर विचारतं आणि ४४३ वरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्याच वाटेनं, आतून बाहेर पाठवतं. म्हणून राउटरवर बाहेरून आत येणारं पोर्ट उघडायची गरज नाही. कुणी सांगितलं तरी उघडू नका.

खरी गोची आयपीची, म्हणजे नेटवर्कातल्या मशीनच्या पत्त्याची. खानापूरच्या एका ऑफिसात पावसाळ्यात वीज पडून राउटर जळला, नवा बसवला, मशीनला दुसरा आयपी मिळाला आणि रीडिंग बंद. मला कळलं बिलाच्या दिवशी. तेव्हापासून राउटरमध्येच मशीनचा मॅक ॲड्रेस (मशीनचा न बदलणारा नेटवर्क नंबर) टाकून आयपी राखून ठेवतो, आणि तो आयपी चिठ्ठीवर लिहून मशीनच्या पुढच्या दाराच्या आत चिकटवतो, म्हणजे राउटर बदलला तरी पुन्हा तोच टाकता येतो.

कलेक्टर अशा कॉम्प्युटरवर टाका जो दिवसभर चालू असतो. स्लीप बंद करा. एसएनएमपीचं 'पब्लिक' हे आधीपासूनचं, पासवर्डसारखं चालणारं नाव बदला, जमलं तर एसएनएमपीचं जास्त सुरक्षित व्हर्जन ३ वापरा.

आणि गिऱ्हाइकाला आधी सांगा, शक्यतो लेखी घ्या: यातून फक्त आकडे जातात, त्यांचे कागद नाहीत. पतसंस्थेत हा प्रश्न पहिला येतो, आणि तो रास्त आहे.