वाचकांचे प्रश्न : जुना पिकअप खाली बसवण्यासाठी चेसिस कापावी का?

प्रश्न : माझ्याकडे १९५१ सालचा शेवरोलेट ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप आहे. इंजिन मूळचेच, सहा सिलिंडरचे आहे आणि नोंदणी माझ्या नावावर चालू आहे. परदेशात अशा गाड्या जमिनीलगत बसवलेल्या दिसतात, तसे रूप मला हवे आहे. हिंगणा एमआयडीसीतील एक फॅब्रिकेटर म्हणतो की, मागच्या एक्सलच्या वर चेसिसला अर्धगोल खाच मारू, पुढे चेसिस कापून पायरी देऊ आणि गाडी सहा इंच खाली आणू. याने चेसिस कमकुवत होईल का? आणि अशी गाडी नागपुरात चालवता येईल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या फॅब्रिकेटरने दोन निरनिराळी कामे एका दमात सांगितली आहेत. मागच्या एक्सलवरची अर्धगोल खाच, जिला या कामात सी-नॉच म्हणतात, ती गाडीला एक इंचही खाली आणत नाही. गाडी खाली येते ती पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि एक्सल यांच्या मांडणीमुळे. ती खाली आली की एक्सल आणि चेसिसचा साइड मेंबर (लांबीच्या बाजूची तुळई) यांतील अंतर घटते आणि खड्ड्यात चाक वर उसळले की एक्सल थेट चेसिसवर आदळतो. त्या उसळीला जागा करून देणे एवढेच खाचेचे काम आहे. म्हणून गाडी नेमकी किती खाली हवी आणि त्यानंतर एक्सलला वर जायला किती जागा उरते, हे मोजल्याशिवाय खाच लागेल की नाही हेच ठरत नाही. पुढच्या बाजूची पायरी, म्हणजे चेसिस तोडून वर चढवणे, मात्र खरोखर गाडी खाली आणते, आणि धोकाही तिच्यातच अधिक आहे.

कापाकापीआधी कागद पाहावेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या बाबतीत याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकाला पात्र ठरते. साइड मेंबरवर एकदा गॅस कटर फिरला की ही पात्रता गेली, आणि नंतर कितीही सुबक वेल्डिंग केले तरी ती परत येत नाही. आरसी बुकात गाडी खासगी आहे की मालवाहू, तेही तपासावे आणि आरटीओकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकाराला पुढच्या पासिंगच्या वेळी काही किंमत राहत नाही.

आता चेसिस न कापता काय साधते ते पाहू. पुढे आपल्या गाडीला आय-बीम पद्धतीचा सरळ एक्सल आणि कमानपाटे आहेत. दोन्ही टोके वर उचललेला, मधला भाग खाली असलेला घडीव ‘ड्रॉप’ एक्सल बसवला की पाट्यांना हात न लावता पुढचा भाग साधारण चार इंच खाली येतो. मूळ एक्सल भट्टीत तापवून वाकवून देतो असे कोणी म्हटले तर त्याला नकार द्यावा, कारण किंगपिनचा (चाक ज्या खिळीवर वळते तिचा) कोन आणि पोलादाचा मूळ कस या दोन्ही गोष्टी त्यात बिघडतात आणि बिघाड डोळ्यांना दिसत नाही. एक्सल बदलल्यावर स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगच्या खोक्याकडून चाकाकडे जाणारा दांडा) जुन्या कोनात राहत नाही. तिचा कोन न सुधारता गाडी रस्त्यावर आणली, तर प्रत्येक उंचवट्यावर चाके आपोआप एका बाजूला वळू पाहतात. त्यासाठी स्टिअरिंग आर्मही त्या प्रमाणात बदलावा लागतो, आणि हा खर्च फॅब्रिकेटरच्या अंदाजपत्रकात बहुधा नसतो.

मागच्या बाजूला पाटे एक्सलच्या वरून जातात की खालून, हे गाडीखाली शिरून स्वतः पाहावे. पाटे खालून जात असतील, तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घातल्यावर गाडी ठोकळ्याच्या जाडीइतकी खाली येते. पाटे वरून जात असतील, तर तोच ठोकळा गाडीला वर उचलतो. दुसऱ्या प्रकारात एक्सल पाट्यांच्या वर आणून बसवतात. त्यामुळे एक्सलच्या नळीचा व्यास अधिक पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी इतकी, म्हणजे पाच-सहा इंच, उतरण एका झटक्यात मिळते आणि खाचेची गरज बहुतेक वेळा इथेच उत्पन्न होते. या कामात एक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. एक्सलच उलटा करून बसवू असे म्हणणारेही भेटतात. तसे केल्यास गाडीला मागे जाण्याचे गिअर भरपूर आणि पुढे जाण्याचा एकच मिळेल.

आपल्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) उघडा नसून टॉर्क ट्यूब नावाच्या बंद नळीत फिरतो, ही गोष्ट आपल्या फॅब्रिकेटरला ठाऊक आहे का, हे विचारून घ्यावे. ही नळी गिअरबॉक्समागच्या गोल सांध्यावर फिरते आणि एक्सलला पिळवटू देत नाही. गाडी खाली आली की नळीचा मागचा भाग चेसिसच्या मानाने वर येतो, म्हणून ती क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या तुळईला) किंवा हौद्याच्या तळाला टेकते का, हे एक्सल पूर्ण वर दाबून तपासावे लागते. नळी काढून उघडा शाफ्ट घालायचा ठरवल्यास एक्सलची पिळवटणारी ताकद पाट्यांवर आणि त्यांच्या बुशांवर येते. मग शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन समान आणि विरुद्ध राखण्याचे निराळे कामही अंगावर येते.

चेसिस कमकुवत होईल का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. जोड देऊन ती उणीव कितपत भरून निघते, एवढाच वाद उरतो. साइड मेंबर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा आहे, आणि वाकण्याला त्याचा विरोध मुख्यतः वरच्या व खालच्या आडव्या पट्टीतून येतो. खाच मारताना नेमकी खालची पट्टी तुटते. उभ्या पत्र्यापुरते बोलायचे तर त्याचा ताठपणा उंचीच्या घनानुसार बदलतो. समजा मूळ उंची सहा इंच असेल आणि खाचेने ती तीन इंच उरली, तर ताठपणा निम्मा नव्हे, एक अष्टमांश होतो. म्हणून खाचेच्या वळणावर पूर्ण रुंदीची नवी पट्टी फिरवून ती दोन्हीकडे मूळ पट्टीशी सलग जोडली पाहिजे. बाहेरून किंवा आतून मजबुतीची प्लेट लावावी आणि ती खाचेच्या दोन्ही बाजूंना बरीच पुढे न्यावी. प्लेटची टोके उभी सरळ कापू नयेत, निमुळती ठेवावीत. सरळ टोकाच्या वेल्डशेजारी ताण एकाच रेषेत साठतो आणि काही महिन्यांनी तडा तिथूनच सुरू होतो. आडव्या पट्टीच्या कडेवर आडवे वेल्ड टाकू नये.

त्या काळच्या हलक्या पिकअपचे पोलाद साधे आणि वेल्डिंगला अनुकूल असते. आजच्या मोठ्या ट्रकांच्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या चेसिसवर हे काम करूच नये. वेल्डिंगसाठी ई७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड वापरावा, तो भट्टीत वाळवलेला असावा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातील दमट रॉड वापरला, तर वेल्डमध्ये केसासारख्या भेगा पडण्याचा धोका असतो. बॅटरी सोडून ठेवावी. १९५१ च्या या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनामागे असते, म्हणून ठिणगी पाडण्याआधी ती बाहेर काढून कामापासून दूर ठेवावी, नुसती रिकामी करून भागत नाही. रिकाम्या टाकीतील वाफच अधिक घातक असते.

पुढच्या पायरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : करू नये. तिथे स्टिअरिंगचा खोका, इंजिनचे आधार आणि पाट्यांचे कंस एकाच पट्ट्यात जोडलेले असतात. चेसिस तिथे तोडून वर चढवली की सरळ जाणारा भार वळणावरून जातो आणि सांध्याला वाकवणारी जास्तीची ताकद उत्पन्न होते. ड्रॉप एक्सलने चार इंच मिळत असताना उरलेल्या दोन इंचांसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

राहिला नागपूरचा प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गाडीचा व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे सुमारे २.९५ मीटर आहे. दोन्ही चाके अशा गतिरोधकावर असताना मधला माथा चाकांच्या रेषेपेक्षा सुमारे साडेसहा सेंटिमीटर वर येतो. तेवढी जागा पोटाखाली हवीच. वस्त्यांमधले हाताने घातलेले अरुंद उंचवटे हे मानक पाळत नाहीत, तिथे संपूर्ण उंची पोटाखाली येते. म्हणून भरलेल्या गाडीत, सर्वांत खालच्या भागाखाली सहा इंच राखावेत असे मी सुचवीन. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचते, तेव्हा तो रस्ता या गाडीने टाळावा. आणखी एक कसोटी आहे : टायर पूर्ण बसला तरी रिमच्या खालच्या कडेच्या पातळीखाली चेसिस, शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) किंवा एक्सल पाट्याला आवळणाऱ्या यू-बोल्टचे टोक यांपैकी काहीही येता कामा नये.

प्रश्न : मागच्या पाट्यांमधले दोन पाटे काढून टाकले तर सगळेच स्वस्तात होईल, असे एका मेकॅनिकने सांगितले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : गाडी खाली येईल, पण भार पेलण्याची क्षमताही तेवढीच जाईल आणि हौद्यात दोन पोती टाकताच एक्सल बंप स्टॉपवर (धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकेल. त्याऐवजी ट्रकांची कामे करणाऱ्या चांगल्या पाटेवाल्याकडून पाट्यांची कमान उतरवून घ्यावी आणि पाट्यांची संख्या तीच ठेवावी. रिकाम्या गाडीत एक्सल आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये अडीच-तीन इंच उरले पाहिजेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात जुने रबर लवकर तडकते, म्हणून बंप स्टॉप आणि बुश याच वेळी नवे घालावेत.

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपच्या चेसिसवर पूर्वीच्या मालकाने मागे खाच मारून घेतलेली आहे. ती सरळ आणि सुरक्षित आहे हे घरी कसे तपासावे?
— एक वाचक, कामठी

उत्तर : गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर समतल ठेवावी. चेसिसवरील मूळच्या जोडीच्या भोकांमधून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि त्या खुणांचे तिरके कर्ण मोजावेत. दोन कर्णांतील फरक तीन मिलिमीटरच्या आत असेल तर चेसिस चौकोनी आहे. खाचेच्या पुढचा आणि मागचा भाग अशी दोन मापे वेगळी घ्यावीत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ओढ बसते ती तिथेच. रंग खरवडून वेल्ड उघडे करावे आणि तडा शोधणारे लाल रंगाचे द्रव्य फवारून पुसावे. त्यावर पांढरे डेव्हलपर मारल्यावर लाल रेघ उमटली, तर गाडी चालवू नये. प्लेटच्या टोकाशी रंगाखालून गंजाची बारीक तपकिरी रेघ बाहेर येत असेल, तर तिथे तडा धरावाच आणि प्लेट काढून सांधा नव्याने करून घ्यावा.